चौदा बाळांची खबर

अणदूरहून जळकोटकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की हे गाव लागतं. नाव सांगत नाही. या गोष्टीत थोडी थोडी चूक सगळ्यांचीच आहे, मग एका गावाच्या माथ्यावर खापर कशाला फोडायचं? अशी गावं तिकडं ढिगानं आहेत, त्यातलं कुठलंही धरा. वेशीजवळ मारुतीचं देऊळ, देवळामागं पिठाची गिरणी आणि गिरणीत इरम्मा. सगळं गाव तिला इरम्माक्का म्हणतं.

इरम्माक्काचं माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. लग्न होऊन आली तेव्हा ‘हो’, ‘नको’ आणि ‘भाकरी’ या तीन शब्दांवर तिचं मराठी संपत होतं. गिरणी सासऱ्याची. बायका दळणाचे डबे ठेवून जायच्या आणि डब्यांवर त्यांच्या नवऱ्यांची नावं रंगवलेली असायची. त्या डब्यांवरच ही बाई मराठी वाचायला शिकली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिला गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं वाचता यायची आणि दुसरं एक अक्षर नाही. आता पेपर वाचते, बसची पाटी वाचते, मोबाईलवरचा मेसेज वाचते. रागावली की मात्र अजून कानडीवर जाते.

कामाला बाई काटेकोर. ज्वारीनंतर गहू लावायचा तर आधी गिरणी झाडून घेणार, मग घाईतलं गिऱ्हाईक कितीही कुरकुरू दे. संध्याकाळी बंद करायच्या आधी डबे मोजणार. सकाळपासून बावीस आले असतील तर बावीस गेले पाहिजेत, नाहीतर राहिलेला कुणाचा आणि का राहिला हे तिला कळल्याशिवाय कुलूप लागत नाही. नवरा बंडप्पा मोटार आणि पट्टा बघतो. गिरणीच्या आवाजात त्याचे कान गेले, त्यामुळं त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोलावं लागतं. तो स्वतः फारसं बोलतच नाही.

आता या बाईचा आणि लसीचा काय संबंध? तो जोडला मोनिका सिस्टरनं.

मोनिका म्हणजे उपकेंद्रातली नर्स. स्कूटीवरून चार गावं फिरणारी, कामाला वाघीण, पण कागदाचा भारी कंटाळा. वरून नवी पद्धत आली होती. बाळाला लस दिली की त्याच्या घरच्या मोबाईलवर तिसऱ्या दिवशी एक मेसेज येणार आणि दहाव्या दिवशी आणखी एक. ‘अमुक यांच्या बाळाला लसीनंतर काही त्रास झाला का? नसल्यास १ पाठवा, असल्यास २ पाठवा.’ बस, एवढंच. पद्धत वाईट नव्हती हो. औषधात किंवा लसीत काही बिघडलं तर ते बाटलीकडं बघून कळत नाही, घराघरातून कळतं. एकाच खेपेच्या लसीनं दहा घरांत लेकरं आजारी पडली, तर वर बसलेल्या माणसाला ते महिन्यानं कळून काय उपयोग?

पण घरच्या मोबाईलवर म्हणजे कुणाच्या? मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप सोलापूरला नाहीतर पुण्याला कामावर. मोनिका एकेका आईला नंबर विचारायची आणि उत्तर यायचं, “त्यांच्यापाशी हाय.” रांग लांबत गेली, लेकरं रडायला लागली. शेवटी शिवलीला नावाची एक पोरगी म्हणाली, “सिस्टर, इरम्माक्काचा नंबर लिहा की. आमी दळायला जातोच तिथं.” सगळ्यांना ते पटलं आणि टेकीला आलेल्या मोनिकाला तर फारच पटलं. चौदा बाळं, चौदा ओळी, नंबर एकच.

संध्याकाळी मोनिका गिरणीवर आली. “अक्का, मेसेज आले की आयांना विचारायचं आणि एक नाहीतर दोन पाठवायचा. तुमच्याइतकं काटेकोर दुसरं कोण हाय गावात?”

असलं ऐकायला कुणाला आवडत नाही? इरम्माक्का लगेच तयार झाली.

लस मंगळवारी झाली होती. शुक्रवारी सकाळी पहिला मेसेज आला. एकाचं उत्तर गेलं की दुसरा येणार होता, म्हणून अक्कानं आधी सगळ्या आयांना विचारून घेतलं. कुणाला गिरणीच्या दारात, कुणाला हौदावर, कुणाला जाता जाता.

“काय गं शिवलीला, बाळ कसं हाय?”

“कुठलं बरं, अक्का! नुसतं किरकिर करायलंय. धड पीत न्हाय. कसनुसं झालंय बघा.”

आणि ते कसनुसं झालेलं बाळ तिच्या खांद्यावर बोळकं पसरून हसत होतं. दंडाला वळ्या, गालाला तीट, पायात काळा दोरा.

परमुलखातल्या माणसाला हे खोटं वाटेल, पण खोटं नाही ते. आमच्याकडं कुठलीही आई आपलं लेकरू छान आहे असं तोंडानं म्हणत नाही. दृष्ट लागते. शेजारीण म्हणाली, ‘बाळसं धरलंय गं,’ की आई म्हणणार, ‘कुठलं वो, वाळलंय उलट.’ हे म्हणायचं असतं आणि हे म्हणायचं असतं हे ऐकणारीलाही ठाऊक असतं, म्हणून कुणाचं काही अडत नाही. मोबाईलला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

एकीनं किरकिर सांगितली, एकीनं ताप सांगितला, एक म्हणाली झोपत नाही, एक म्हणाली डोळे खोल गेलेत. चौदाच्या चौदा जणींचं रडगाणं ऐकून अक्का मान डोलवत राहिली. त्यातलं काय खरं मानायचं हे तिला चांगलं कळत होतं. लेकरं ठणठणीत आहेत, म्हणजे एक पाठवायचा. ती मोबाईल घेऊन गिरणीत पोत्यावर बसली, अंगठा एकवर नेला आणि तिथंच थांबली. मग तिनं दोन पाठवला. दुसऱ्या बाळाला दोन, तिसऱ्याला दोन, असे चौदा वेळा दोन पाठवले, मोबाईल एका रिकाम्या डब्यात ठेवला आणि मोटार चालू करा म्हणून बंडप्पाला हातानं खूण केली.

जिल्ह्याला काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. एका गावातून चौदापैकी चौदा बाळांना त्रास! तिथल्या माणसानं फोन लावला. गिरणी चालू असताना फोन वाजला काय आणि न वाजला काय. संध्याकाळी अक्कानं डबा उघडला तर सतरा मिसकॉल. तोवर त्या खेपेची लस आजूबाजूच्या गावांत थांबवली होती, पुढचं लसीकरण रद्द झालं होतं आणि कुठल्या तरी गावात लसीनं लेकरं दगावली म्हणून बातमीही उठली होती.

शनिवारी जीप आली. जीपमधून डॉक्टर शिवप्रिया मॅडम उतरल्या, मागून तोंड उतरलेली मोनिका. शिवप्रिया मॅडम वयानं तरुण, बोलायला फटकळ, कामाला चोख. पहिलं घर शिवलीलाचं. बाळाला तपासलं, ताप नाही, सूज नाही, काही नाही.

“मग त्रास आहे म्हणून का कळवलं?”

“म्या कुठं कळवलं?” शिवलीला घाबरली. “म्या आपलं नुसतं म्हणलं.”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मॅडम इकडच्याच होत्या, त्यांना हळूहळू उलगडा होत गेला आणि तसतसा राग चढत गेला. अकराव्या घरानंतर त्यांनी वही मिटली. तीन बाळं राहिली होती, एक आजोळी गेलेलं, दोन शेतातल्या वस्तीवरची. “तिथंही हेच असणार,” मॅडम म्हणाल्या आणि थेट गिरणीवर आल्या. बंडप्पानं मोटार बंद केली.

“बाई, चौदा वेळा खोटं कळवलंत तुम्ही. आयांचं मी समजू शकते. पण तुम्ही तर लेकरं डोळ्यांनी बघितली होती ना? मग का?”

इरम्माक्कानं पदरानं हात पुसले. मग जे तिनं गावात कुणालाही सांगितलं नव्हतं, ते एका परक्या बाईला सांगितलं.

“चौतीस वर्षं झाली, मॅडम. माझा गौरीशंकर पाच महिन्यांचा होता. वजनकाटा घेऊन एक माणूस आला होता सरकारचा. त्यानं विचारलं, लेकरू कसं हाय? मला तवा मराठी नवं नवं यायलं होतं. म्या सगळं वाक्य नीट म्हणून दाखवलं. ‘लई छान हाय, काही तक्रार न्हाय.’ त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मला लई बरं वाटलं, माझं मराठी लिहून घेतलं म्हणून. आठव्या दिवशी गौरीशंकर गेला. हगवण लागली, दोन दिवसांत गेला. सासू म्हणाली, परक्याच्या कागदावर लेकराचं चांगलं लिहून दिलंस, आता भोग. तवापासून कुणाच्या लेकराचं चांगलं म्या कुठं लिहून देत न्हाय. माझ्यानं होत न्हाय.”

बंडप्पा पट्ट्याकडं बघत उभा होता. त्याला ऐकू आलं नसणार, पण लेकराचं नाव त्यानं तिच्या ओठांवर वाचलं असावं.

मॅडमचा राग उतरला. “त्याला हगवणीनं नेलं, बाई. बोलण्यानं कुणी जात नसतं.”

“व्हय मॅडम,” इरम्माक्का म्हणाली. डॉक्टरला म्हणायचं असतं तसं.

मॅडमच्या कागदावर ताप, सूज, पुरळ, झटके आणि इतर असे रकाने होते. त्यांनी ‘इतर’खाली ‘गैरसमज’ असं लिहिलं. चौदा बाळांना एक नंबर दिल्याबद्दल मोनिकाला नोटीस निघेल असं तिथंच सांगितलं, आणि जीप निघून गेली.

गावानं दिवसभर इरम्माक्काच्या नावानं यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिनं संध्याकाळी नेहमीसारखे डबे मोजले. डबे बरोबर होते. तरी तिला कुलूप लावावंसं वाटेना. चौदा लेकरं होती आणि मॅडमनी अकरा बघितली. म्हणजे तीन कुणीच बघितली नव्हती.

रविवारी सकाळी ती निघाली. आजोळी गेलेलं बाळ परत आलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. वस्तीवरच्या दोनपैकी एक बाळही नीट होतं. राहिली दीपालीची झोपडी, ओढ्यापलीकडं. दीपाली पहिलटकरीण, मुकाट राहणारी. दारातच बसली होती, बाळ मांडीवर.

“बाळ कसं हाय गं?”

“किरकिर करायलंय, अक्का.”

तेच शब्द. शिवलीलाचे होते तेच. इरम्माक्का परत फिरली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

“ते असू दे,” ती म्हणाली. “दुपटं काढ. मला बघू दे.”

दीपालीनं दुपटं बाजूला केलं. सुई दिलेली मांडी दुसरीच्या दुप्पट झाली होती. लालभडक, मध्ये टणक, वरून चुन्याचा लेप वाळलेला. अक्कानं नुसतं बोट टेकवलं तर लेकरू कळवळलं. रडायला सुद्धा त्याच्यात जोर नव्हता.

“अय्यो शिवने! कवापासून हे?”

“गुरुवारी ताप आला. सूज आली तसा सासूनं लेप दिला.” दीपालीनं मान वर केली. “म्या तुम्हाला सांगितलं की, अक्का. शुक्रवारी, गिरणीत एकटीच आले होते तवा. म्हणलं, लेकराला लई ताप हाय. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणलात. मला वाटलं तुम्ही कळवलं असंल. जीप आल्याचं बी ऐकलं. म्या वाट बघितली, इकडं कुणी आलंच न्हाय.”

सांगितलं होतं या पोरीनं. बाकीच्या तेरा जणींनी म्हणायचं म्हणून जे म्हटलं, तेच हिनं खरं म्हणून सांगितलं होतं, कारण सांगायला दुसरे शब्द तिच्यापाशी नव्हते. आणि अक्कानं खबर तर पाठवली होती, पण आणखी तेरा खोट्या खबरी तिच्यावर रचून. मग ती खरी कुणाला दिसणार होती? लेकराचं वाईट होऊ नये म्हणून पाठवलेल्या दोननंच लेकराचा जीव धोक्यात घातला होता. तिला स्वतःची चीड आली, इतकी की तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग मोनिकाला फोन लावला.

“अक्का, तुमच्या पाया पडते,” मोनिका म्हणाली. तिला नोटिशीनं रात्रभर झोप नव्हती. “आता पुरे करा. त्या गावातनं आता काही कळवलं तर मलाच हसतील.”

“हसू दे. ऐक. डावी मांडी टम्म फुगलीया. लाल हाय, गरम हाय, हात लावू देत न्हाय. कालपासून दूध सोडलंय. पाय हलवत न्हाय.”

एवढं नेमकं कुणी दृष्टीच्या भीतीनं सांगत नाही, हे मोनिकाला कळलं असावं. “आलेच,” ती म्हणाली. वीस मिनिटांत तिची स्कूटी बांधावर उभी होती, आणि अर्ध्या तासात गाडी बोलावून बाळ आणि दीपाली तालुक्याच्या दवाखान्याकडं निघाली होती.

सुईच्या जागी गळू झालं होतं. दवाखान्यात चिरून पू काढला, सलाईन लावलं, इंजेक्शनं चालू केली. तिसऱ्या दिवशी बाळानं दूध घेतलं. “आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं,” असं मोनिका नंतर म्हणाली.

मधल्या काळात मेसेजची घडी बसवायला कुणाला सवड झाली नाही. सरकारी काम ते. शुक्रवारी दहाव्या दिवसाचे मेसेज इरम्माक्काच्याच मोबाईलवर आले.

त्या दिवशी गिरणी बारा वाजेपर्यंत बंद राहिली. इरम्माक्का घरोघर गेली आणि बाळ कसं आहे हे कुणालाच विचारलं नाही. “दुपटं काढ,” एवढंच म्हणायची. मांडी दाबून बघायची, कपाळाला हात लावायची, पिताना बघायची. शिवलीला हसून म्हणाली, “अक्का, तुम्ही तर मोनिका सिस्टरच्या वरताण झालाव!” अक्का हसली नाही.

तेरा बाळं ठणठणीत होती. ती पोत्यावर येऊन बसली, मोबाईल उघडला. अंगठा एकवर टेकेना. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मणामणाची पोती उचललेल्या बाईचा अंगठा! तिला सरळ सरळ भीती वाटत होती आणि ती भीती मूर्खपणाची आहे असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण दीपालीच्या लेकराची मांडी तिनं बघितली होती. तिनं देवाचं नाव घेतलं आणि एक पाठवला. मग दुसरा एक, मग तिसरा. तेरा वेळा एक, आणि दीपालीच्या बाळासाठी खराखुरा दोन.

त्यानंतरचे आठ दिवस बाईचे कसे गेले ते बंडप्पालाच विचारावं. ज्या घरात बाळ आहे त्या घरचं दळण ती स्वतः डोक्यावर घेऊन पोचवायला लागली, असं तिनं जन्मात केलं नव्हतं. बायकांना वाटलं, मागच्या चुकीची भरपाई करायलीय. ती डबा ठेवायची, बाळाकडं बघायची, निघायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाचव्या दिवशी एका बाळाला शिंका आल्या तर ही बाई दोन तास त्या ओट्यावरून हलली नाही. सर्दी होती, गेली. सहाव्या दिवशी दीपाली बाळाला घेऊन घरी आली, मांडीवर पट्टी आणि तोंडात मूठ.

आठव्या दिवशी संध्याकाळी इरम्माक्का शेवटची फेरी करून गिरणीत आली. बंडप्पा पट्टा उतरवत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी.

“आठ दिवस झाले,” ती म्हणाली. “तेरा लेकरांचं चांगलं लिहून दिलं म्या. तेराच्या तेरा हायत.”

बंडप्पानं मान हलवली.

“म्हणजे आपला गौरीशंकर माझ्या बोलण्यानं गेला न्हाय.”

“न्हाय,” बंडप्पा म्हणाला. “म्या तुला तसं कदी म्हणलो बी न्हाय.”

“म्हणला न्हाईत,” इरम्माक्का म्हणाली. “पर तसं न्हाय, असं बी कदी म्हणला न्हाईत.”

बंडप्पानं पट्टा खाली ठेवला. आपण गप्प बसलो म्हणजे तिला दोष दिला नाही, असंच तो चौतीस वर्षं समजून चालला होता. तो काही बोलेल म्हणून ती समोर उभीच होती.

“न्हाय गेला, इरम्मा,” तो म्हणाला. “तुझ्या बोलण्यानं न्हाय गेला.”